दाढेच्या मुळापासून सायनसच्या अस्तरापर्यंत : वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरे

गेल्या अंकात बायोप्सीचा अहवाल कसा वाचावा याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुखण्याविषयीची निघाली, आणि ते म्हणजे वरच्या दाढेतील जंतुसंसर्गामुळे गालाच्या हाडातील सायनस वर्षानुवर्षे बिघडलेला राहणे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. तीन वर्षे माझ्या फक्त उजव्या नाकपुडीतून पिवळट, घाण वासाचा स्राव येत असे. ॲलर्जी समजून गोळ्या झाल्या, फवारे झाले, वाफारे तर रोजचेच होते. शेवटी सीटी स्कॅनमध्ये उजव्या गालाचा सायनस पूर्ण भरलेला दिसला आणि त्याच्या तळाशी, नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या मुळाशी, गळू असल्याचे कळले. ती दाढ कधीही दुखली नव्हती. दाढ काढली, दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया झाली. बायोप्सीच्या अहवालात ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन, गॉब्लेट सेल हायपरप्लेझिया, जागोजागी स्क्वॅमस मेटाप्लेझिया, अस्तराखाली फायब्रोसिस, डिसप्लेझिया अथवा मॅलिग्नन्सी नाही’ असे लिहिले आहे. मेटाप्लेझिया हा शब्द इंटरनेटवर पाहिला आणि झोप उडाली. ही कर्करोगाची पहिली पायरी आहे का? न दुखणाऱ्या दाढेने एवढे नुकसान कसे केले? आणि हे अस्तर आता पूर्ववत होईल का?

उत्तर : आधी आपल्या झोपेचे पाहू. मेटाप्लेझिया म्हणजे कर्करोग नव्हे. एका प्रकारच्या पूर्ण वाढलेल्या पेशींच्या जागी, सततच्या त्रासामुळे, दुसऱ्या प्रकारच्या पूर्ण वाढलेल्या पेशी येणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. सायनसचे मूळचे अस्तर नाजूक असते. सतत पुवात भिजत राहिल्यावर शरीर त्या जागी तोंडाच्या आतल्या त्वचेसारखे चपटे, थरावर थर असलेले, अधिक चिवट अस्तर उभारते. ज्या शब्दाला घाबरावे तो डिसप्लेझिया. त्यात पेशींची ठेवण, केंद्रकांचा आकार आणि विभाजनाची शिस्त बिघडलेली असते. आपल्या अहवालात तो नसल्याचे स्वतंत्रपणे नोंदवले आहे. ते वाक्य लिहिण्यासाठी पॅथॉलॉजिस्टने संपूर्ण स्लाइड बारकाईने पाहिलेली असते. ते केवळ रिवाज म्हणून लिहिलेले वाक्य नसते, हे मी स्वतः ते वाक्य रोज लिहिणारी म्हणून खात्रीने सांगते.

आता दाढेकडे वळू. गालाच्या हाडातील सायनस ही नाकाभोवतीच्या पोकळ्यांपैकी सर्वांत मोठी जोडी असून प्रौढ माणसात प्रत्येक बाजूच्या पोकळीत साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे पाणी मावेल, एवढी जागा असते. या पोकळीचा तळ म्हणजेच वरच्या दाढांच्या मुळांचे छप्पर. दुसऱ्या मोठ्या दाढेची मुळे त्या तळाच्या सर्वांत जवळ असतात, त्याखालोखाल पहिल्या मोठ्या दाढेची. काही माणसांत मधले हाड चांगले काही मिलिमीटर जाड असते, काहींत कागदासारखे पातळ, आणि काहींत मुळाचे टोक व सायनसचे अस्तर यांच्यामध्ये हाड जवळपास नसतेच. अशा ठिकाणी दाढेचा आतला मगज मेला, त्यात जंतू वाढले आणि मुळाच्या टोकाशी पू जमला, की त्याला खालच्या जाड हाडातून हिरडीकडे येण्यापेक्षा वर सायनसमध्ये जाणे सोपे पडते.

ती दुखली का नाही, याचे उत्तरही येथेच आहे. मगज मेला म्हणजे त्यातली नसही मेली. पुढे मुळाशी जो पू होतो तो कोंडला गेला तर ठणका लागतो. पण त्याला वर मोकळी पोकळी मिळाली तर दाब तयार होत नाही आणि ठणकाही लागत नाही. म्हणूनच दाढेमुळे सायनस बिघडलेल्या रुग्णांपैकी अनेकांना दातदुखीची आठवणही नसते. रूट कॅनाल झालेली दाढ सुरक्षितच असते, असा समज सर्वत्र आहे; तो बरोबर नाही. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या बाहेरील मुळात निम्म्याहून अधिक वेळा एक नव्हे, तर दोन नलिका असतात. त्यातली दुसरी इतकी बारीक असते की ती सापडली नाही तर साफ न होता, आतल्या जंतूंसह, तशीच राहते आणि वर्षांनंतर मुळाशी पू होऊ शकतो. आपल्या बाबतीत तसेच झाले असेल असे मी म्हणत नाही, कारण आपली छायाचित्रे मी पाहिलेली नाहीत. साध्या दातांच्या एक्स-रेमध्ये वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची सावली पडते आणि मुळाशी असलेला लहान खड्डा लपून जातो. तो दाखवायला सीटी स्कॅन किंवा दातांसाठी वापरला जाणारा सीबीसीटी लागतो.

आता अहवालातील शब्दांकडे येते. आपला नमुना माझ्याकडे नव्हता, पण असा नमुना कसा येतो आणि काय दाखवतो, ते सांगते. फॉर्मालिन भरलेल्या लहानशा बाटलीत भिजलेल्या मनुकांसारखे करडे-गुलाबी तुकडे असतात, मधूनच एखादा हाडाचा कपचा. ते मेणात बसवून, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवले जातात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचे गुलाबी दिसू लागते.

निरोगी अस्तराची स्लाइड पाहिली तर वरच्या कडेला उंच, स्तंभासारख्या पेशींची रांग दिसते आणि त्यांच्या माथ्यावर मखमलीच्या लवीसारखी बारीक झालर असते. या झालरीतले तंतू म्हणजे पक्ष्माभिका, ज्यांना आम्ही सिलिया म्हणतो. एकेका पेशीवर शंभर-दोनशे असतात आणि त्या सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा एकाच दिशेने वल्ही मारल्यासारख्या हलतात. मधूनमधून चषकाच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी असतात, त्या चिकट श्लेष्म बनवतात. श्लेष्माची पातळ चादर धूळ आणि जंतू अडकवते आणि सिलिया ती चादर सायनसच्या नैसर्गिक तोंडाकडे वाहून नेतात. हे तोंड केवळ दोन-चार मिलिमीटरचे असून पोकळीच्या तळाशी नव्हे, तर नाकाकडच्या भिंतीच्या वरच्या भागात असते. म्हणजे माणूस उभा असताना हा सारा माल चढणीवर न्यावा लागतो, आणि अस्तर निरोगी असेपर्यंत ते काम माणसाच्या नकळत दिवसरात्र चालू असते.

दाढेतला पू वर येऊ लागला की पहिला घाव या झालरीवर बसतो. जंतूंची विषे आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशींतून सुटणारी विकरे यांनी सिलिया आखूड होतात, गळतात, त्यांची एकत्र हालचाल बिघडते. त्याच वेळी गॉब्लेट पेशींची संख्या वाढते. हेच आपल्या अहवालातील हायपरप्लेझिया. वाहून नेणारे कमी आणि माल दुप्पट, अशी अवस्था होते. घट्ट श्लेष्म साचते, त्याखाली प्राणवायू कमी पडतो, आणि तोंडातून आलेल्या विनॉक्सी जंतूंना नेमके तेच हवे असते. प्रिव्होटेला, फ्युजोबॅक्टेरियम, पेप्टोस्ट्रेप्टोकोकस ही त्यांतली नेहमीची मंडळी. आपल्याला जो घाण वास येत असे तो यांच्याच चयापचयाचा. साध्या सर्दीतून झालेल्या सायनसच्या दुखण्याला सहसा असा वास नसतो. एका बाजूचा स्राव आणि त्याला घाण वास, एवढ्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

महिने उलटत जातात तसे बदल खोल जातात. काही ठिकाणी वरचा थर सोलला जातो, तेथे व्रण होतो. भरताना तेथे चपट्या पेशी येतात, हाच मेटाप्लेझिया. थराखालचा भाग सुजतो आणि तेथे लिंफोसाइट व प्लाझ्मा पेशी गर्दी करतात. प्लाझ्मा पेशींचे केंद्रक घड्याळाच्या तबकडीसारखे दिसते आणि एकदा ओळखायला शिकले की विसरत नाही. संसर्ग जुना आहे, शरीर बराच काळ प्रतिपिंडे बनवत बसले आहे, हे त्यांच्या संख्येवरून कळते. मध्येच न्यूट्रोफिल पेशींचे पुंजके दिसतात, म्हणजे पुवाचा पुरवठा अजून चालूच आहे. सगळ्यांत शेवटी कोलॅजनचे दाट गुलाबी पट्टे दिसू लागतात. जखम भरताना त्वचेवर जसा वण राहतो तसाच हा आतला वण. फायब्रोसिस म्हणतात तो हाच. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असलेले अस्तर या साऱ्यामुळे कित्येक पट जाड होते. त्याच्या लगेच खाली हाड असते आणि अस्तर व हाडावरचे आवरण एकमेकांना चिकटलेले असते, त्यामुळे हाडही सुटत नाही. मुळाच्या टोकाशी ते विरघळते, तर थोडे दूर, आवरणाच्या चिडण्याने, नवे हाड तयार होते. सीटी स्कॅनमध्ये दाढेच्या मुळावर सायनसच्या तळाशी घुमटासारखी पांढरी कड कधी कधी दिसते, ती हीच.

पूर्ववत होण्याविषयी विचारले आहे. यातले सगळे बदल सारखे नसतात. सूज आणि पेशींची गर्दी पुवाचा पुरवठा थांबला की काही आठवड्यांत ओसरू लागते. गॉब्लेट पेशींची संख्या हळूहळू खाली येते. सिलिया पुन्हा उगवतात, पण त्यांना एका दिशेने हलायला काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन महिने नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगतात. जे काम सिलियांनी करायचे ते तोवर पाणी करते. मेटाप्लेझियाही, त्रास थांबल्यावर, बहुतेक ठिकाणी मागे फिरतो. फायब्रोसिस मात्र फारसा मागे फिरत नाही आणि जाड झालेले हाड अनेकदा तसेच राहते. त्यामुळे पुढच्या वर्षी सीटी स्कॅन झाला आणि त्यात थोडे जाड अस्तर किंवा जाड भिंत दिसली, पण आपल्याला स्राव नाही, वास नाही, तर तो जुना वण समजावा. त्याच्यामागे लागून पुन्हा प्रतिजैविके सुरू करू नयेत. आपण धूम्रपान करत असाल तर ते मात्र आजच थांबवा, कारण धुराने हेच अस्तर याच क्रमाने बिघडते आणि मग दाढ काढल्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

प्रश्न : मी दंतवैद्यक शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केवळ ऊती पाहून हा सायनसचा दाह दातामुळे झाला आहे, ॲलर्जीमुळे नव्हे, असे खात्रीने सांगता येते का?

उत्तर : केवळ ऊतींवरून खात्रीने सांगता येत नाही, आणि जो तसे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु कल कोणत्या बाजूला आहे ते बऱ्याचदा कळते. ज्या दीर्घकालीन सायनसच्या दाहाबरोबर दमा आणि दोन्ही बाजूंचे पॉलिप, म्हणजे अस्तराचे लोंबते फुगवटे, असतात, त्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ठळक असतात. उच्च वर्धनाच्या एका क्षेत्रात १० पेक्षा अधिक इओसिनोफिल, ही त्यासाठी नेहमी वापरली जाणारी सीमारेषा आहे. अशा अस्तरात तळपटलाखालचा, म्हणजे वरच्या पेशी ज्या पातळ पडद्यावर उभ्या असतात त्याच्याखालचा, पट्टा जाड झालेला असतो आणि खालची सूज पाणीदार, विरळ दिसते. दाताच्या संसर्गात इओसिनोफिल सहसा कमी असतात. न्यूट्रोफिल, लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशी अधिक असतात, ग्रंथी कधी फुगलेल्या तर कधी वणात दबून कोमेजलेल्या असतात, आणि फायब्रोसिस तुलनेने पुढे गेलेला असतो. पॉलिप येथेही होतात, पण ते एका बाजूचे असतात, आणि स्लाइडवर इओसिनोफिल फार नसले तर तो पॉलिप ॲलर्जीचा नसावा अशी शंका घ्यायला जागा असते.

तरीही एक अडचण उरतेच. ज्याला आधीपासून ॲलर्जी आहे त्याचीही दाढ किडू शकते, आणि मग दोन्ही चित्रे एकाच स्लाइडवर मिसळतात. शिवाय नाक व सायनस बराच काळ बंद राहिल्यावर कोणत्याही कारणाने झालेला दाह शेवटी बराच सारखा दिसू लागतो. म्हणून माझा आग्रह ऊतींपेक्षा कागदाविषयी अधिक आहे. आमच्याकडे नमुन्याबरोबर जो अर्ज येतो त्यावर अनेकदा ‘नेझल पॉलिप, डावा’ एवढे तीनच शब्द असतात. काही वर्षांपूर्वी अशाच तीन शब्दांसह आलेल्या नमुन्यात मला अस्तराच्या तुकड्यांमध्ये काळसर, कणीदार, अपारदर्शक पदार्थ दिसला. ऊतींचा भाग नसलेला हा पदार्थ काय असावा म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना फोन केला, त्यांनी स्कॅन पुन्हा पाहिला आणि दाढेच्या मुळातून सायनसमध्ये गेलेले रूट कॅनालचे भरण सापडले. तोवर त्या रुग्णाच्या एकाच सायनसवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि दोन्ही वेळा दाढ तशीच राहिली होती. त्या रुग्णाचा एक वर्षाचा त्रास अर्जावरच्या ‘वरच्या दाढेचे रूट कॅनाल झाले आहे’ या एका ओळीने वाचला असता. आपण उद्या दंतवैद्य व्हाल, तेव्हा ही ओळ कान-नाक-घसा तज्ज्ञांना लिहून देण्याची सवय आजपासून लावून घ्या.

याचे प्रमाण किती, असेही अनेकजण विचारतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत गालाच्या सायनसच्या दाहांपैकी १० ते १२ टक्के दातांमुळे होतात असे लिहिलेले असे. सीबीसीटीसारख्या तपासण्या आल्यानंतरच्या अनेक अभ्यासांत हा आकडा २५ ते ४० टक्क्यांपर्यंत गेला आहे, आणि दुखणे एकाच बाजूचे असेल तर तो त्याहूनही वर जातो. रोग अचानक वाढला असे नव्हे. मुळाशी असलेला खड्डा आता दिसू लागला.

प्रश्न : माझ्या वडिलांची १९८०च्या सुमारास सायनसची शस्त्रक्रिया वरच्या ओठाखालून चीर देऊन झाली होती आणि ‘आतले सगळे खराब अस्तर खरवडून काढले’ असे ते अभिमानाने सांगत. त्यांचा गाल मात्र पुढे कायम बधिर राहिला. मला आता तशीच शस्त्रक्रिया सुचवली आहे, पण नाकातून आणि अस्तर न काढता. खराब अस्तर आत ठेवणे योग्य आहे का?

उत्तर : आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया बहुधा कॉल्डवेल-ल्यूक पद्धतीची होती. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या आँरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती मांडली, म्हणून दोघांची नावे जोडली गेली. वरच्या ओठाच्या आतून, दातांच्या वर चीर घेऊन, हाडाला खिडकी पाडून सायनसमध्ये शिरायचे आणि बिघडलेले अस्तर समूळ काढायचे, अशी ती पद्धत. प्रतिजैविके नसलेल्या काळात तिने अनेकांना आराम दिला, हे विसरू नये. गालाची नस त्या खिडकीच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे काहींना बधिरता राहत असे.

अस्तराविषयीची समजूत मात्र पुढे बदलली, आणि ती बदलण्यात ऊतींच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले, की सायनसमधील श्लेष्म नेहमी नैसर्गिक तोंडाकडेच जाते; तळाशी किंवा बाजूला दुसरे भोक पाडले तरी सिलिया त्याला वळसा घालून वरच्याच तोंडाकडे माल नेतात. दुसरे असे, की खरवडलेल्या हाडावर पुन्हा जे अस्तर येते ते बरेचदा जाड, वणासारखे असते, त्यात सिलिया विरळ असतात आणि ग्रंथी कमी. म्हणजे खराब म्हणून जे काढून टाकले त्याच्या जागी त्याहून दुबळे अस्तर आले. पुवात भिजलेले, सुजलेले अस्तर स्लाइडवर कितीही बिघडलेले दिसले तरी त्याच्या तळाशी मूळ पेशींची ओळ बहुतेक ठिकाणी जिवंत असते आणि तिच्यापासूनच सिलिया असलेले अस्तर पुन्हा उभे राहते. तळची ही ओळ राखणे, नैसर्गिक तोंड मोठे करणे, आत अडकलेला पू आणि भरण धुऊन काढणे, एवढेच आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया करते. आपल्याला दिलेला सल्ला योग्य आहे.

त्याआधी एक प्रश्न आपण डॉक्टरांना जरूर विचारा : माझी दाढ आधी की सायनस आधी? फक्त दाढेवर नीट उपचार केल्यावर ढोबळमानाने निम्म्या रुग्णांचा सायनस शस्त्रक्रियेविनाच सुधारतो. म्हणून सायनसचे तोंड पूर्ण बंद नसेल आणि त्रास सहन होण्याजोगा असेल, तर आधी दाढ आणि मग दोन-तीन महिने वाट पाहणे हा रास्त मार्ग आहे. उलट, सायनस साफ केला आणि दाढ तशीच ठेवली, तर पू पुन्हा येणार, हे ठरलेलेच.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी वरची दाढ काढली. तेव्हापासून चूळ भरली की पाणी नाकातून येते आणि चहाही येतो. हळूहळू भरून येईल असे सांगितले गेले, पण आता नाकातून घाण वासही येऊ लागला आहे. अजून किती थांबावे?

उत्तर : आता थांबू नये. दाढ काढताना मुळाबरोबर सायनसच्या तळाचे हाड सुटले की तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडते. ते दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर रक्ताची गुठळी बसून आपोआप बंद होते, आणि आपल्याला तसे सांगितले गेले असेल तर सुरुवातीला ते चूक नव्हते. पण दोन-तीन आठवडे उलटले की हिरडीच्या बाजूने चपट्या पेशी आणि सायनसच्या बाजूने त्याचे अस्तर त्या भोकाच्या कडेने सरकत येऊन एकमेकांना भिडतात आणि भोकाला आतून अस्तर लावून टाकतात. कान टोचल्यावर छिद्राला आतून त्वचा येते आणि मग ते बुजत नाही, तसेच हे. असे अस्तर लागलेले भोक वाट पाहून बंद होत नाही; तोंडाच्या शल्यतज्ज्ञांना ते आतले अस्तर काढून, गालाच्या आतील त्वचेचा किंवा चरबीच्या गोळ्याचा पडदा वर ओढून शिवावे लागते. आत पू असताना शिवले तर टाके उसवतात, म्हणून आधी सायनस धुऊन घेतात. तोवर नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका, आणि स्ट्रॉने पिणे टाळा.

हे दुखणे नवे नाही. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये या पोकळीचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा दात काढल्यावर सायनसचे तोंड उघडे पडलेल्या आणि तेथून सतत स्राव येत असलेल्या एका स्त्रीचीही हकिगत त्याने नोंदवली आहे. त्या भोकातून तिने पिसाची काडी आत घातली, ती बरीच वर गेली, आणि काडी थेट मेंदूत शिरली की काय या विचाराने ती बिचारी हादरून गेली होती. आपण काडी, टूथपिक, कापूस काहीही आत घालून पाहू नये, हे मी एवढ्यासाठीच लिहिते.

प्रश्न : आईचे वय ६४, मधुमेह आहे. डाव्या सायनसच्या बायोप्सीत ‘फंगल बॉल, ॲस्परजिलस, ऊतींमध्ये शिरकाव नाही’ असा अहवाल आला. २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या काकांचे वरच्या जबड्याचे हाड काळ्या बुरशीमुळे काढावे लागले होते. आईला तेच झाले आहे का?

उत्तर : नाही. दोन्हींना बुरशी म्हणतात, एवढेच साम्य. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील रुग्णालयांनी जे पाहिले ते म्युकरमायकोसिस होते. त्यात रुंद, फितीसारखे, आत जवळजवळ आडवे पडदे नसलेले तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतात, रक्त गोठते आणि पुढची ऊती व हाड मरून काळे पडते. त्या दिवसांत आम्ही एकेका दिवशी असे नमुने पाहिले आहेत, की आजही तो आकार स्लाइडवर दिसला तर हात आपोआप फोनकडे जातो. आपल्या आईच्या अहवालातील ॲस्परजिलसचे तंतू बारीक असतात, त्यांना नियमित पडदे असतात आणि त्यांना अरुंद कोनात फाटे फुटतात. आणि महत्त्वाचे म्हणजे ते पोकळीत गोळा होऊन बसले आहेत, अस्तरात शिरलेले नाहीत. ‘शिरकाव नाही’ हे शब्द अहवालात त्यासाठीच लिहिले जातात. अस्तरात फक्त दीर्घकालीन दाह दिसतो.

असा गोळा बहुधा एकाच सायनसमध्ये होतो आणि अनेकदा त्याच बाजूच्या वरच्या दाढेचे रूट कॅनाल झालेले असते. मुळाबाहेर गेलेल्या भरणातील झिंक ऑक्साइड या बुरशीच्या वाढीला मदत करते, असे मानले जाते. स्कॅनमध्ये सायनसच्या मध्यभागी खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो तो काही वेळा हे भरण असतो, तर काही वेळा गोळ्यातच साठलेले कॅल्शियम. आईच्या डाव्या वरच्या दाढांचा जुना इतिहास आठवून पाहा आणि तो डॉक्टरांना सांगा. गोळा दुर्बिणीतून पूर्ण काढला की बुरशीविरोधी औषधे सहसा लागत नाहीत.

मधुमेह आहे म्हणून मात्र साखर काटेकोर ठेवा. गालाला किंवा टाळूला बधिरता, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, दात अचानक हलू लागणे, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि जुना बायोप्सी अहवाल बरोबर न्या.